वाडे दुरुस्तीनेच का पडतात?

पिंपरी-चिंचवड म्हटले की कारखान्यांच्या शेड आठवतात आणि चाकण म्हटले की कंटेनरच्या रांगा. पण याच पट्ट्यात पवनेच्या काठी मोरया गोसावींचे समाधी मंदिर आहे, चिंचवडगावात मंगलमूर्ती वाडा आणि चापेकर बंधूंचा वाडा आहे. तळेगावात सरदार दाभाड्यांच्या वास्तू आहेत, तळेगाव-चाकण रस्त्यावर इंदुरीची गढी आहे. फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शाहिस्तेखानाच्या फौजेविरुद्ध पन्नासहून अधिक दिवस झुंजवलेला संग्रामदुर्ग चाकणमध्ये आहे, आणि तिथून थोडे पुढे, भीमेच्या काठी, हुतात्मा राजगुरूंचा वाडा. ही झाली नावाजलेली ठिकाणे. त्यांच्याखेरीज भोसरी, आकुर्डी, चिखली, मोशी, चऱ्होली यांच्या गावठाणांत दगडी जोत्याची आणि सागवानी खांबांची घरे अजून तग धरून आहेत, ज्यांच्यावर ना कसला फलक आहे ना कुणाची नोंद. अशी घरे एकेक करून का नाहीशी होत आहेत, याचे ठरलेले उत्तर असते: पैसा नाही, भाऊबंदकी आहे, पुढच्या पिढीला आस्था नाही. हे उत्तर कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या ओस पडलेल्या गावाला लागू पडेल. इथे ते अपुरे आहे. इथले अनेक जुने वाडे दुर्लक्षाने कमी आणि चुकीच्या दुरुस्तीने जास्त मरतात, असे माझे मत आहे. आणि म्हणूनच वारसावास्तूंच्या जतनाचे शिक्षण घेतलेला वास्तुविशारद ही इथे चैन नसून पहिली गरज आहे.

या पट्ट्याचा इतिहासच पाहा. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली एमआयडीसीची स्थापना झाली, १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका आली. १९९७ साली आजूबाजूची गावे हद्दीत घेतली गेली. त्यानंतर चाकण परिसरात मोटारींचे मोठमोठे कारखाने आले. शेतीच्या सातबाऱ्याला सोन्याचा भाव आला, आणि जमिनीचा मोबदला किंवा कारखान्याचा पगार ज्या घरात आला त्या घराने पहिली गोष्ट केली ती म्हणजे घर ‘नीट करून घेतले’. शेणाने सारवलेल्या ओसरीवर फरशी बसली, पांढऱ्या मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढला, कौले उतरवून पत्रे आले, कुठे माडीवर स्लॅब पडला. घरच्यांनी हे मायेनेच केले, घरावर खर्च करावासा वाटला म्हणून केले. पण ज्या घरावर असा खर्च झाला ते पंधरा-वीस वर्षांत खचू लागले आणि शेजारचे, काहीच न केलेले घर अजून उभे आहे, असे चित्र गावठाणांत दिसते. याला दैव म्हणून सोडून देता येत नाही. त्याचे कारण साहित्याच्या गुणधर्मांत आहे.

वाडा हा मुळात लाकडी सांगाडा. दगडी जोत्यावर तळखडे, तळखड्यावर सागवानी खांब, खांबावर हस्त, त्यावर तुळया, तुळयांवर कडीपाट; दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, आणि घराची मोजदाद खणांत. अशा घराचा मोठा भार हा सांगाडा पेलतो. विटामातीच्या भिंती मधली जागा भरतात, घर थंड ठेवतात आणि ओल शोषून पुन्हा हवेत सोडतात. हे शोषणे आणि सोडणे अखंड चालू राहावे, यावर सारी रचना बेतलेली आहे. चुन्याचा गिलावा त्याला पूरक असतो, कारण चुना सच्छिद्र असतो, थोडा लवचिक असतो आणि बारीक तडा गेला तर पावसाच्या पाण्यात विरघळून पुन्हा साखळतो, तडा बुजवतो. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ सालचे. ते साहित्य कठीण आणि पाण्याला वाट न देणारे. काँक्रीटच्या इमारतीत हे त्याचे गुण, मातीच्या भिंतीवर हेच त्याचे अवगुण. जमिनीतून वर चढणारी ओल गिलाव्यामागे कोंडते, क्षार तिथेच साचून फुगतात, आतली माती भुसभुशीत होते आणि एक दिवस गिलाव्याचा पापुद्रा भिंतीचा दर्शनी थर घेऊनच खाली येतो. तोवर बाहेरून भिंत गुळगुळीत, रंगवलेली दिसत असते. दोष झाकणारी दुरुस्ती ती हीच.

एका खांबाकडे जवळून पाहिले तर सगळा प्रश्न कळतो. खांबाचे लाकूड जमिनीला टेकू नये म्हणून खाली दगडाचा तळखडा असतो, जमिनीपासून थोडा उंच. फरशी बसवताना जमीन चार-सहा बोटे वर येते, तळखडा गाडला जातो आणि खांबाचा पाय सिमेंटच्या आळ्यात अडकतो. फरशी पुसलेले पाणी, पावसाचे शिंतोडे, खालची ओल तिथे साठते, वाळवीला सावलीतली वाट मिळते. काही वर्षांनी खांब खाली बसतो, वरची तुळई तिरकी होते, दरवाजा लागेनासा होतो. ठेकेदार येतो, खांबाभोवती सळया बांधून काँक्रीटचे कडे ओततो किंवा शेजारी लोखंडी गर्डर उभा करतो. कुजके लाकूड आतच राहते, आता ते दिसतही नाही. जाणकाराची रीत वेगळी. तो आधी तुळईखाली टेकू आणि जॅक लावून भार उचलून घेतो, टोचणी मारत मारत लाकूड कुठपर्यंत पोकळ आहे ते ठरवतो, तेवढाच पाय कापतो, जुन्या सागवानाचा तुकडा तिरक्या खाचेने सांधून खुंट्या मारतो, तळखडा मोकळा करतो आणि भोवतालची फरशी काढून जमीन मूळ पातळीला नेतो. नऊ-दहा फुटांच्या खांबात बदलले जाते ते फूट-दीड फूट लाकूड. खर्चाचा आकडा मांडला तर दुसरी रीत दर वेळी महागच पडते असेही नाही. तिला लागते ती नजर, सवड आणि निर्णयाची जबाबदारी घेणारे माणूस.

पाण्याची बाब तर याहून गंभीर आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत मातीच्या भिंती पाण्यात अक्षरशः विरघळल्या. कच्च्या घरांनी पुराच्या धक्क्यापेक्षा भिजण्यानेच मान टाकली. चिंचवडला पवनेचे पाणी जोराच्या पावसाळ्यात मोरया गोसावी मंदिरात शिरते, हे दर काही वर्षांनी आपण पाहतोच. पण महापुरापेक्षा हळू आणि म्हणून जास्त घातक असे एक पाणी गावठाणात वाढते आहे, ते रस्त्याच्या उंचीमुळे. गल्लीचे डांबरीकरण दर खेपेला जुना थर न खरवडता होते, मग काँक्रीटीकरण होते, मग पेव्हिंग ब्लॉक येतात. ज्या वाड्यात शिरताना तीन पायऱ्या चढाव्या लागत, तिथे आता पायरी उतरून आत जावे लागते. चौकातले पाणी बाहेर काढणारी मोरी रस्त्याखाली गेलेली असते. मग पावसाळाभर जोते भिजत राहते आणि मालकाला वाटते की घरच जुने झाले. एखाद्या घराचा वास्तुविशारद आतून कितीही नेमके काम करो, रस्ता करणारा विभाग आणि तो एकमेकांशी बोलत नसतील तर ते काम फुकट जाते. वाड्यांच्या जतनाचा प्रश्न घरमालकाच्या उंबऱ्याशी संपत नाही, तो इथे महापालिकेच्या अभियंत्यापर्यंत पोहोचतो.

मग असा तज्ज्ञ नेमके करतो काय? पुष्कळांची समजूत अशी की तो जुन्या पद्धतीची कमान, नक्षीदार कठडा, पितळी कड्या यांची सजावट सुचवतो. ते काम अंतर्गत सजावटकाराचे. जतनाच्या वास्तुविशारदाचे पहिले काम मोजणीचे: प्रत्येक खणाचे, प्रत्येक तुळईचे, प्रत्येक भेगेचे रेखांकन आणि छायाचित्र. दुसरे काम कारण शोधण्याचे: भेग जुनी की वाढती, ओल वरून की खालून, लाकूड भुंग्याने पोखरले की वाळवीने. तिसरे काम क्रम लावण्याचे: आधी छप्पर आणि पाण्याचा निचरा, मग सांगाडा, मग भिंती, आणि रंगरंगोटी सर्वांत शेवटी. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा लागतो, कारण लग्नकार्य तोंडावर आलेले असते. आणि चौथे, सर्वांत मोलाचे काम म्हणजे कशाला हात लावायचा नाही ते सांगण्याचे. इंग्लंडमध्ये १८७७ साली विल्यम मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली ती जीर्णोद्धाराच्या नावाखाली चालणाऱ्या खरवडण्याविरुद्धच. १९६४ च्या व्हेनिस सनदेनेही अंदाज सुरू होतो तिथे पुनरुद्धार थांबला पाहिजे, असे तत्त्व घालून दिले. चाकणच्या कुठल्याही कारखान्यात यंत्राचा आवाज बदलला तर आधी बिघाड शोधतात, नोंद करतात, मग सुटा भाग बदलतात. आठवडाभर ज्या शिस्तीत आपण काम करतो, ती सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या घरापाशी का विसरतो?

पहिला आक्षेप अर्थातच खर्चाचा. दुरुस्तीलाच पैसे पुरत नाहीत, त्यात तज्ज्ञाची फी कुठून द्यायची? हा आक्षेप खोटा नाही. चुन्याचे काम सावकाशीचे असते: कळी विरवून चुना मुरवायचा, घाणीत वाळू-सुरखीबरोबर मळायचा, गूळ-हिरड्याचे पाणी घालायचे, पातळ थर देऊन प्रत्येक थर ओला राखायचा. मजुरीचे दिवस वाढतात. जुने सागवान मिळवणे सोपे राहिलेले नाही. पण फीचा हिशेब एकूण खर्चाशी लावून पाहावा. पुरते निदान न करता दिलेल्या एकठोक ठेक्यात भिंत उघडल्यावर अनपेक्षित नुकसान निघतेच. मग ठेकेदार एकतर वाढीव पैसे मागतो किंवा ते झाकून टाकतो. आधी तपासणी झालेली असेल तर कामाचे टप्पे पाडता येतात, यंदा छप्पर, पुढच्या वर्षी मागचा सोपा, असे. आणि चांगले असलेले सत्तर टक्के घर उगाच उकलले जात नाही. जतनाच्या कामात बचत होते ती न केलेल्या कामातून. ही बचत बिलात दिसत नाही, म्हणून मालकाला फी डोळ्यांवर येते एवढेच. ज्यांना पूर्णवेळ देखरेख परवडत नाही त्यांनी निदान मोजणी, दोषांचा अहवाल आणि कामाचा क्रम एवढ्यापुरती सेवा घ्यावी. सगळे नाहीतर काहीच नाही, असा हा व्यवहार नाही.

दुसरा आक्षेप अधिक मानाचा आहे: हे वाडे बांधताना कुठला पदवीधर होता? गवंडी, सुतार, पाथरवट यांनीच ते उभे केले, मग आज तेच का पुरे नाहीत? कारागीर हाच या कामाचा खरा कर्ता आहे, याबद्दल दुमत नसावे, आणि ज्या वास्तुविशारदाला सुतारापुढे मांडी घालून बसता येत नाही त्याला हे काम देऊच नये. पण परंपरा म्हणजे केवळ हात नव्हेत. चुना कुठला घ्यायचा, लाकूड कोणत्या महिन्यात तोडायचे, वर्षाकाठी कौले कधी चाळायची, हे सारे ज्ञान त्या हातांमागे होते. दोन-तीन पिढ्या काँक्रीटमध्ये काम केल्यावर ती साखळी तुटली. या पट्ट्यात आज मिळणारा गवंडी कुशल असतो, पण त्याचे कौशल्य वेगळ्या साहित्यातले असते. वास्तुविशारद तुटलेली कडी जोडतो: कुठे अजून चुन्याचे काम जाणणारा वृद्ध मिस्त्री आहे हे त्याला ठाऊक असते, नमुन्याचा गिलावा तो आधी एका कोपऱ्यात करून पाहतो, प्रमाण लिहून ठेवतो. आणि त्या कामावर शिकलेला तरुण गवंडी पुढच्या वाड्याला उपयोगी पडतो.

तिसरा आक्षेप जिवाचा आहे आणि त्याला हलकेपणाने उत्तर देता येणार नाही. जुनी घरे पडून माणसे दगावतात. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक घरांना नोटिसा निघतात त्या उगाच नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि धाब्याचे अवजड छत यांखाली हजारो माणसे गेली. पण त्याच भूकंपाने दुसरी गोष्टही दाखवली: बऱ्याच ठिकाणी भिंती ढासळल्या तरी लाकडी खणांचा सांगाडा उभा राहिला. भिंतीच्या दोन पदरांना जोडणारे आरपार दगड नव्हते, छतावर दरसाल नवी माती चढून भार वाढला होता, ही मारक कारणे होती. ती ओळखता येतात आणि दूरही करता येतात. म्हणजे सुरक्षिततेचा मुद्दा तज्ज्ञाच्या विरुद्ध जात नाही, उलट त्याच्याच बाजूने पडतो. अट एक: वास्तुविशारदाबरोबर लाकूड आणि दगडी बांधकाम समजणारा संरचना अभियंता हवा. केवळ काँक्रीटचे गणित जाणणारा अभियंता तुळई पाहून ‘आयुष्य संपले’ असा शेरा मारतो, आणि त्या एका शेऱ्यावर वाडा जातो. काही घरे खरोखरच वाचवण्यापलीकडे गेलेली असतात. तसे असेल तर तज्ज्ञाने ते स्पष्ट लिहून द्यावे. मात्र पाडण्यापूर्वी मोजणी आणि छायाचित्रे व्हावीत, खांब-दरवाजे भंगारात न जाता दुसऱ्या वाड्याच्या दुरुस्तीला मिळावेत.

उरतो तो जमिनीच्या भावाचा प्रश्न. गावठाणातल्या दोन गुंठ्यांवर पाच मजले उभे राहू शकत असताना आठ वारसांपैकी एकानेच वाडा का जपावा? या प्रश्नाला भावनेचे उत्तर देणे अन्यायाचे आहे. समाजाला जर ते घर हवे असेल तर त्याचा बोजा समाजानेही उचलावा. मुंबईने १९९५ साली वारसावास्तूंसाठी नियमावली केली, तेव्हापासून श्रेणी एक, दोन, तीन अशी वर्गवारी आपल्याकडे रुळली आहे. २०२० पासून राज्यातल्या बहुतेक शहरांना लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही वारसा जतनाची तरतूद आहे, हस्तांतरणीय विकास हक्काचा मार्ग आहे. अहमदाबादचे उदाहरण जवळचे आहे. तिथल्या ‘पोळ’ म्हणजे जुन्या गल्लीवस्त्यांतली लाकडी घरेही खासगी मालकीची आणि अनेक वारसांची. तिथल्या महापालिकेने १९९६ साली स्वतंत्र वारसा कक्ष सुरू केला, घरांची यादी केली, जतन करणाऱ्या मालकांना विकास हक्क विकण्याची मुभा दिली; २०१७ साली ते शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. सगळी घरे वाचली असे नाही. पण घर टिकवणारा तिथे निव्वळ तोट्यात राहत नाही, हा फरक मोठा आहे. पुणे महापालिकेचा वारसा कक्षही विश्रामबागवाडा आणि नानावाडा यांच्या जतनामुळे परिचित आहे. पिंपरी-चिंचवडसारख्या सधन महापालिकेला हे अवघड नाही.

स्मारक आणि राहते घर यांत फरक मात्र राखला पाहिजे. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव या चापेकर बंधूंचे चिंचवडमधले घर आज स्मारक आहे. राजगुरूंचा वाडा राज्य संरक्षित स्मारक आहे. तिथे जतनाचा हेतू इतिहास सांगण्याचा. पण गावठाणातल्या साध्या वाड्यात माणसे राहणार आहेत, त्यांना आत संडास-बाथरूम हवे, वीज हवी, म्हाताऱ्यांना कमी पायऱ्या हव्यात. जतन म्हणजे घर गोठवणे, असे मानणारा तज्ज्ञ त्या कुटुंबाला वाड्यातून हुसकावूनच लावतो. ओल होणाऱ्या सोयी मातीच्या भिंतींपासून दूर, मागच्या पडवीत किंवा परसात स्वतंत्र पायावर घेता येतात; तारा आणि नळ उघडे, सहज काढता येतील असे नेता येतात. नवे काम नवे म्हणून ओळखू यावे आणि जुन्याला इजा न करता काढता यावे, एवढी मर्यादा पुरेशी आहे. इतके बदलल्यावर घर अस्सल राहते का, ही शंका पंडिती आहे. लाकडी वास्तूंची परंपरा असलेल्या जपानमध्ये १९९४ साली नारा येथे तयार झालेल्या दस्तऐवजाने अस्सलपणाचा निकाल केवळ मूळ साहित्यावर न लावता वापर, कारागिरी आणि परंपरा यांनाही स्थान दिले आहे.

महापालिकेने आणि चाकण परिसरातल्या स्थानिक संस्थांनी तीन गोष्टी तातडीने कराव्यात. गावठाणांतल्या जुन्या घरांची मोजणीसह यादी करावी. धोकादायक घराची नोटीस काढण्यापूर्वी लाकडी बांधकाम जाणणाऱ्या तज्ज्ञाचा अहवाल बंधनकारक करावा. आणि गल्लीचा रस्ता करताना जुना थर काढल्याशिवाय नवा टाकू नये. पुण्यात वास्तुरचनेची महाविद्यालये आहेत, त्यांचे विद्यार्थी मोजणीच्या कामाला मिळू शकतात. आणि ज्यांच्या ताब्यात असे घर आहे त्यांना विनंती एवढीच: यंदा दिवाळीनंतर काम काढायचे ठरवले असेल तर ठेकेदाराचा दर मागण्याआधी जतनाच्या वास्तुविशारदाला एकदा घर दाखवा. त्याने पूर्वी केलेले काम जाऊन पाहा, तिथल्या मालकाशी बोला. आणि तो येईपर्यंत खांबांच्या पायाशी सिमेंट ओतू देऊ नका.